तीनशे टनांची वरात

जुलै २०१९मध्ये महाराष्ट्रातून एक ट्रक केरळला निघाला आणि जुलै २०२०मध्ये तिथे पोहोचला. अंतर साधारण १,७०० किलोमीटर. नेहमीचा मालट्रक तेवढं अंतर आठवड्याच्या आत कापतो. या गाडीला वर्षावर थोडे दिवस लागले, म्हणजे सरासरी दिवसाला साडेचार-पाच किलोमीटर. आषाढीची दिंडीसुद्धा याच्या पुढे निघून गेली असती.

गाडीला ७४ चाकं होती आणि सोबत तीसेक माणसांचा ताफा. माल एकच: तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठीचा ऑटोक्लेव्ह. अग्निबाणाचे हलके पण टणक भाग उष्णता आणि दाब देऊन पक्के करण्याचं हे भांडं, म्हणजे एक अजस्र प्रेशर कुकरच. वाटेत विजेचे खांब हलवावे लागले, तारा उतरवाव्या लागल्या, झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या. मध्येच टाळेबंदी आली.

या कुकरचं वजन होतं ७० टन. ऐकायला भरपूर वाटतं. पण हमरस्त्यावर रोज दिसणाऱ्या मोठ्या ट्रेलरला मालासकट ५५ टनांची कायदेशीर मुभा आहे, त्या मानाने ७० टन हा काही डोंगर नव्हे. वर्ष गेलं ते आकारापायी. उंची साडेसात मीटर आणि रुंदी ६.६५ मीटर. भारतात ट्रकला २.६ मीटर रुंदीची मर्यादा आहे. म्हणजे अडीच ट्रक शेजारी शेजारी उभे केले तर होईल एवढी ही रुंदी. महामार्गावरच्या पुलाखाली साधारण साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवतात. तिथून साडेसात मीटर जाणार कसे? इंजिन पाचशे हॉर्सपॉवरचं असो की हजारचं, पूल काही वर सरकत नाही.

म्हणून या धंद्यात मुरलेला माणूस ट्रकचं नाव काढण्याआधी विचारतो, ‘माल जड आहे की मोठा?’ बहुतेकांना दोन्ही एकच वाटतं. गाडी निवडताना मात्र दोन्हींच्या वाटा पहिल्याच वळणावर वेगळ्या होतात.

नुसता मोठा माल म्हणजे काय ते साताऱ्याच्या पठारावर किंवा धुळ्याच्या माळावर पवनचक्क्यांची पाती वर जाताना पाहिलेल्यांना सांगायला नको. वनकुसवडे, चाळकेवाडी भागातल्या पहिल्या पिढीच्या पवनचक्क्यांची पाती आजच्या मानाने आखूड होती. आता १४४ मीटर व्यासाचं चक्र असलेली यंत्रं भारतात बनतात, त्यांचं एकेक पातं सत्तर मीटरच्या आसपास भरतं. मुंबईच्या लोकलचे तीन डबे, वर थोडं शिल्लक. वजन मात्र साध्या ट्रेलरला पेलेल इतपत. इथे ओढणारा ट्रक कोणता हा प्रश्नच दुय्यम. खरी निवड मागच्या ट्रेलरची: तो दुर्बिणीसारखा लांबवता येतो का, त्याची मागची चाकं स्वतंत्र वळतात का, आणि घाटाच्या वळणावर पात्याचं टोक हवेत उचलून धरता येतं का. मागच्या चाकांचं सुकाणू सांभाळणारा माणूस हातात रिमोट घेऊन गाडीबरोबर चालत असतो. म्हणजे गाडी एक आणि चालक दोन, एक केबिनमध्ये बसलेला, दुसरा पायी.

जड मालाचा हिशेब निराळा आणि त्यातच खरी गंमत आहे. एक उदाहरण घेऊ. वीज उपकेंद्रासाठीचा मोठा ट्रान्सफॉर्मर, वजन २०० टन. असे ट्रान्सफॉर्मर तेल काढून, आत कोरडी हवा किंवा नायट्रोजन भरून पाठवतात. अंगावर धक्के नोंदवणारं एक छोटं यंत्र बसवलेलं असतं. वाटेत कुणी जोरात ब्रेक मारला तर मुक्कामी पोहोचल्यावर कागद बोलतो, ड्रायव्हरला काही सांगावं लागत नाही.

दोनशे टन ठेवायचे कशावर? हायड्रॉलिक ट्रेलरवर. हे ट्रेलर तुकड्यातुकड्यांनी जोडून हवे तेवढे लांब करता येतात. एका आडव्या ओळीत आठ टायर. धंद्यात त्या ओळीलाच ‘एक्सल’ म्हणतात. अशा एका ओळीवर, ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून, १८ टनांपर्यंत भार घालायला कायद्याची परवानगी आहे. ओळीचं स्वतःचं वजन साधारण चार टन धरलं तर मालासाठी उरतात चौदा. दोनशेला चौदाने भागलं की चौदाच्या किंचित वर आकडा येतो, म्हणजे किमान पंधरा ओळी. शहाणा माणूस सोळा घेतो. टायर झाले १२८. ट्रेलर आणि माल मिळून २६४ टन.

या ट्रेलरची करामत त्याच्या पोटात आहे. प्रत्येक चाकजोडीवर तेलाचा एक दट्ट्या असतो आणि गटागटाने हे दट्टे नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. गवंडी पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात ना, तत्त्व तेच. एखादं चाक खड्ड्यात गेलं की तेल तिकडे वाहतं, दट्ट्या लांबतो, चाक खाली उतरून जमीन गाठतं आणि भार पुन्हा सगळ्यांत सारखा वाटला जातो. आपल्या रस्त्यांवर ही केवढी सोय आहे ते वेगळं सांगायला नको. हीच व्यवस्था पूर्ण ट्रेलर खाली-वर करायलाही कामी येते. पुलाखाली दोन-चार बोटांची अडचण असेल तर सगळा डोलारा खाली बसवून पार नेता येतो.

दट्ट्यांचे गट तीन करायचे की चार, यावरही जाणती माणसं तासभर बोलू शकतात. तीन गट केले की तिवईसारखं होतं: जमीन कशीही असली तरी तिवई डुगडुगत नाही आणि ट्रेलरच्या चौकटीला पीळ बसत नाही. पण तिवई चटकन कलंडतेही. उंच, वरून जड माल असेल तर चार गटच बरे.

आता ओढणाऱ्याकडे वळू. या ट्रकला आपल्याकडे सर्रास ‘पुलर’ म्हणतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते हॉर्सपॉवर. विक्रेतेही तेच मोठ्या अक्षरांत छापतात. हिशेब मांडला की मात्र हॉर्सपॉवर तिसऱ्या-चौथ्या नंबरावर जाते.

पुलरचं वजन ३६ टन धरू. लवाजमा झाला तीनशे टनांचा. चांगल्या सपाट डांबरी रस्त्यावर हा भार नुसता चालता ठेवायला वजनाच्या साधारण एक टक्का ओढ लागते, म्हणजे तीन टन. हे काम मध्यम इंजिनही करील. आता घाट आला. पाच टक्के चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच मीटर वर. ओढीत थेट पाच टक्क्यांची भर पडते. तीनच्या जागी अठरा टन.

अठरा टनांची ओढ इंजिन देईल का? अगदी सहज. जड कामाच्या ट्रकचं इंजिन, त्याचा पहिला गिअर आणि मागच्या धुरीतली दंतचक्रं यांचा गुणाकार केला तर चाकाच्या कडेला तीस-पस्तीस टनांपर्यंत ओढ मिळू शकते. अडचण पुढे आहे. ही ओढ रस्त्याला जाऊन भिडते ती टायरमधून, आणि टायरची पकड अवलंबून असते त्याच्यावर किती वजन बसलंय त्यावर. कोरड्या डांबरावर टायर त्याच्यावरच्या वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास ओढ सोसतो. ओल्यात चाळीस धरा. पुलरच्या मागच्या दोन चालत्या धुरींवर मिळून २८.५ टन घालायची मुभा आहे. साध्या ट्रकला तिथे २१ टनच चालतात. २८.५चे साठ टक्के म्हणजे १७ टन आणि लागतात १८. ट्रक जागच्या जागी चाकं फिरवत बसणार, रबराचा वास सुटणार, आणि इंजिनात शंभर घोडे आणखी घातले तरी एवढंच होणार की चाकं जास्त जोरात घसरतील.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे पटकन कळतं. चिखलात बैलाची ताकद कमी होत नाही, पाय टेकत नाहीत.

म्हणूनच पुलरच्या पाठीवर लोखंडाची किंवा काँक्रीटची वजनं लादलेली दिसतात. डिझेल जाळून निरुपयोगी ओझं कशाला वाहतात असं बघणाऱ्याला वाटतं. ते ओझं म्हणजेच पकड. दक्षिण आफ्रिकेत २००५ साली वीज कंपनीचे ट्रान्सफॉर्मर हलवण्यासाठी फ्रान्सच्या निकोला कंपनीकडून जो ट्रॅक्टोमास नावाचा ट्रक घेतला गेला, त्याच्या पाचही धुरी चालत्या होत्या आणि त्याचं स्वतःचं वजन ७१ टन. आपल्या केरळच्या कुकरपेक्षा एक टन जास्तच. मालट्रक बनवणारे वजन कमी करण्यासाठी जीव टाकतात आणि इथे वजन हीच जमेची बाजू.

भारतात एवढे राक्षस दिसत नाहीत. आपल्याकडे बहुतेक पुलर ‘सिक्स बाय फोर’, म्हणजे सहापैकी चार चाकं चालती. मग घाटात काय करतात? दुसरा पुलर मागे जोडतात, तो ढकलतो. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या रेल्वेगाडीला मागून इंजिनं लागतात, तिथेही हीच युक्ती. दोन पुलर झाल्यावर एकूण भार ३३६ टन, लागणारी ओढ सुमारे २० टन आणि दोघांची मिळून कोरड्यातली पकड ३४ टन. पाऊस आला तर ती २३वर येते. कशीबशी पुरते. पावसाच्या भुरभुरीतही अनुभवी मुकादम घाटाच्या पायथ्याशी ताफा थांबवून चहा मागवतो, त्यामागे हे गणित आहे.

हॉर्सपॉवर मग लागते कुठे? वेगासाठी. पाचशे हॉर्सपॉवरचे दोन पुलर हा भार त्या चढावर ताशी साधारण अकरा किलोमीटरने नेतील. इंजिनं दुप्पट ताकदीची घेतली तर बावीसने. पण घाटाच्या वळणावर १२८ टायरांचा ट्रेलर बावीसने नेणार कोण? जास्तीच्या घोड्यांचे पैसे इथे बहुधा पाण्यात जातात.

पैसे घालायचेच तर ते सुरुवातीच्या क्षणासाठी घालावेत. उभा भार हलवणं हे सगळ्यात अवघड काम. साधा क्लच तिथे दोन-तीन प्रयत्नांत जळतो. त्यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे क्लचच्या जोडीला तेलावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर, ज्यात ओढ हळूहळू भरत जाते आणि घासायला काही नसतं. दुसरा म्हणजे मुंगीच्या पावलांचे जादा गिअर. व्होल्वोने २०१६ साली स्वीडनमध्ये गॉथेनबर्गला असे गिअर बसवलेला ७५० हॉर्सपॉवरचा ट्रक घेतला आणि वीस ट्रेलर, चाळीस कंटेनर, एकूण ७५० टनांची तीनशे मीटर लांब माळ उभ्या जागेवरून हलवून दाखवली. जाहिरात म्हणून झकास. पण रस्ता सपाट होता हे लक्षात ठेवायला हवं. सुरुवातीचा हिसका सोडला तर सपाटीवर ७५० टनांना लागते साडेसात टनांची ओढ. म्हणजे आपल्या घाटातले ३०० टन त्याच्या दुपटीहून जड.

खरेदीच्या वेळी विचारायच्या आणखी काही गोष्टी आहेत, ज्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत सापडतात. मागच्या धुरीतली शेवटची दंतचक्रं चाकाच्या तुंब्यात आहेत का? असतील तर ओढीचा शेवटचा गुणाकार अगदी चाकाशी होतो आणि आतल्या दांड्यांवर ताण कमी येतो. चारही चाकं एकत्र बांधून फिरवणारे लॉक आहेत का? नसतील तर एक चाक चिखलात गेलं की तेवढं एकच फिरत राहतं. सेमी-ट्रेलर जोडायचा असेल तर जोडखिळा, ज्याला किंगपिन म्हणतात, दोन इंची की साडेतीन इंची? आणि रेडिएटर केवढा? अकरा किलोमीटरच्या वेगाला समोरून वारा मिळत नाही, इंजिन मात्र पूर्ण ताकदीवर चाललेलं असतं. युरोपातले जड पुलर केबिनच्या मागे जादा रेडिएटर आणि पंख्यांचं कपाट घेऊन फिरतात ते यासाठी. आपल्याकडे मे महिन्यातल्या मराठवाड्याच्या रस्त्यावर याची गरज किती असेल, वाचकांनीच ठरवावं.

चढणाऱ्याला उतरावंही लागतं. उतारावर तोच भार पाठीशी लागतो. नुसत्या ब्रेकवर अवलंबून राहिलात तर ते तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. म्हणून इंजिन ब्रेक आणि गाडीचा वेग रोखणारा रिटार्डर. रिटार्डरबद्दल एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत: तेलावर चालणारा रिटार्डर गाडीच्या वेगावर जगतो, वेग कमी झाला की त्याचा जोर ओसरतो. पुलर तर रांगतच उतरतो. तिथे खालच्या गिअरमधलं इंजिन आणि त्याचा ब्रेकच जास्त उपयोगी. चढताना मागून ढकलणारा पुलर उतरताना मागे ओढून धरतो. दोघा ड्रायव्हरांच्या हातात वॉकीटॉकी, आणि गिअर बदलायचा तर दोघांनी एकाच दमात. बाजूने दोन माणसं लाकडी ठोकळे घेऊन चालत असतात, गाडी थांबली की चाकाखाली सारायला. कोट्यवधींच्या यंत्राचा शेवटचा भरवसा बाभळीच्या ठोकळ्यावर असतो, हे जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही.

एवढं सगळं जमवल्यावर रस्ता आडवा येतो. गंमत अशी की डांबराला या वरातीचा फारसा त्रास नसतो. १८ टन भागिले आठ म्हणजे एका टायरवर सव्वादोन टन. साध्या ट्रकच्या मागच्या धुरीला चार टायरांवर साडेअकरा टनांची मुभा आहे, म्हणजे टायरमागे जवळपास तीन टन. फ्रान्समध्ये आयटर या अणुसंमीलन प्रकल्पासाठी १०४ किलोमीटरचा खास मार्ग तयार केला होता. त्याची तालीम २०१३ साली ८०० टनांच्या गाडीने घेतली, तेव्हा तिला ३५२ चाकं होती. भागाकार करून पाहा, उत्तर पुन्हा सव्वादोनच्या आसपास येतं.

पूल मात्र टायर मोजत नाही. त्याच्या एका गाळ्यावर एका वेळी एकूण किती वजन आलं, एवढंच त्याला कळतं. म्हणून मालासकट १६९ टनांवरच्या गाडीसाठी वाटेतले पूल तपासून घ्यावे लागतात. पुलावर ती एकटीच असावी, मधोमध चालावी, रांगत जावी आणि ब्रेक मारू नये, असे दंडक आहेत. सोळा ओळी घेण्यात इथेही शहाणपण आहे, कारण ट्रेलर जितका लांब तितका भार जास्त गाळ्यांवर पसरतो. पण लांबी वाढली की वळण अवघड होतं. पुलाला लांब गाडी हवी, गावातल्या चौकाला आखूड. तडजोड कुठे करायची ते वाटेची पाहणी करून आलेला माणूस सांगतो. मोटरसायकलवर, हातात मोजपट्टी आणि पाठीमागे उंची मोजायचा बांबू घेऊन त्याने प्रत्येक कमान, प्रत्येक तार, प्रत्येक फरशी बघितलेली असते. ट्रकची निवड शोरूममध्ये होते असं ज्यांना वाटतं त्यांनी या माणसाची वही एकदा चाळावी. चांगले वाहतूकदार गाडी ठरवण्याआधी ती वही बघतात. वाईट वाहतूकदार हाताशी आहे तो पुलर जोडतात आणि रस्त्यात अडकल्यावर वही शोधतात.

गाडी निवडतानाची सगळ्यात महाग चूक म्हणजे एकच गाडी सगळ्या कामांना वापरण्याचा हट्ट. ओढीसाठी दंतचक्रांचं प्रमाण वाढवलं की मोकळी गाडी परत येताना हमरस्त्यावर रखडते आणि डिझेल पिते. वेगासाठी कमी केलं की घाट रुसतो. वर्षातून दोनदाच जड माल नेणाऱ्याने स्वतःचा पुलर घेण्यापेक्षा भाड्याने घेतलेला बरा. ज्याचं पोटच यावर आहे त्याने रिकाम्या परतीचं दुखणं सोसून खरा पुलर घ्यावा. मधला मार्ग हिशेबात चांगला दिसतो, घाटात नाही.

आता एक विनंती रस्त्यावरून जाणाऱ्या बाकीच्या सगळ्यांना. पिवळे दिवे लुकलुकवणारी पायलट गाडी, तिच्यामागे पुलर, मग टायरांची न संपणारी रांग आणि शेवटी ढकलणारा दुसरा पुलर, अशी वरात घाटात दिसली तर मध्ये घुसू नका. तुमच्या दोन मिनिटांसाठी ती चढावर थांबली, तर उभे राहिलेले तीनशे टन पुन्हा हलवताना क्लचचा आणि ठोकळे धरलेल्या त्या दोन माणसांचा जीव टांगणीला लागतो. पायलट गाडीतला माणूस हाताने खूण करतोच. ती मिळेपर्यंत मागे थांबा.